अण्णांचा फ्लोचार्ट

बंगळूरच्या एका सरकारी कारखान्यात मी ट्रेसर होते. इंजिनियरांनी पेन्सिलीने काढलेली ड्रॉइंग्ज ट्रेसिंग पेपरवर शाईने गिरवायची, एवढंच काम. साठच्या दशकाच्या शेवटी कारखान्यात कॉम्प्युटर आला आणि माझ्या टेबलावर फ्लोचार्ट येऊ लागले. यंत्राने कुठल्या कामानंतर कुठलं काम करायचं, ते चौकटी आणि बाणांनी दाखवणारे कागद.

ते काढायचे नियोजन विभागातले अण्णा. पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरातच मुरलेल्या मराठी घरातले, बोलता बोलता कानडी शब्द सहज यायचे. मी पुण्याहून आलेली, गावात भाऊ नाही, म्हणून त्यांनी मला आग्रहाने भाऊबीजेला घरी बोलावलं. मी ओवाळलं, त्यांनी ओवाळणीत ड्रॉइंगचं पेन घातलं. मी भारावून गेले होते, खोटं कशाला बोलू?

त्यांचा स्टोअर्सचा फ्लोचार्ट गिरवताना मात्र डोकं फिरायचं. बाण एकमेकांना छेदत कागदभर हिंडायचे. माल संपला तर पुढे काय, हे शोधायला जावं तर बोट भलत्याच चौकटीत. प्रोग्रॅम लिहिणारी मंडळीही तिथेच चुकायची.

"अण्णा, हे जरा सुटसुटीत करून बघू?" मी विचारलं.

"बघ की. जमलं तर कॉम्प्युटर विभागातल्या त्या नव्या जागेला मीच साहेबांना तुझं नाव सांगतो."

त्या जागेसाठी माझा जीव टांगणीला लागला होता. जन्मभर दुसऱ्याच्या रेघा गिरवायच्या नव्हत्या मला. मी रोज काम संपल्यावर थांबू लागले. नेहमीचं काम मधोमध सरळ खाली नेलं, अडचणी सगळ्या उजवीकडे काढल्या. एकही बाण दुसऱ्यावरून जाऊ दिला नाही. चौकटीत सांकेतिक खुणांऐवजी साधे शब्द घातले. कागद संपला तिथे गोलात एक अक्षर, पुढच्या कागदाच्या सुरुवातीला तेच अक्षर.

मीटिंगला कागद भिंतीवर लावायला मलाच बोलावलं. साहेब बघतच राहिले. म्हणाले, कल्पना कोणाची?

"माझीच, सर," अण्णा म्हणाले. "शाई तेवढी हिने केली."

मी टाचण्या हातात धरून उभी. अंगाचा तिळपापड झाला. ती जागा अण्णांनाच मिळाली.

व्हरांड्यात मी त्यांना गाठलं. ते शांतपणे म्हणाले, "स्वल्प, थोडं समजून घे गं. इतकं सोपं आहे ते, कुणालाही सुचलं असतं. तुझं अक्षर सुंदर, तू ट्रेसिंगलाच बरी."

सोपं! ते सोपं दिसावं म्हणूनच तर मी डोळे फोडले होते. परक्याने केलं असतं तर गिळलंही असतं. याला मी ओवाळलं होतं.

पुढच्याच आठवड्यात ते नवा फ्लोचार्ट घेऊन आले, पहिल्यापेक्षा गुंतलेला. "हा पण तसाच करून दे. साहेबांना दाखवायचाय."

"सरी, अण्णा," मी त्यांच्याच कानडीत 'बरं' म्हटलं. ओवाळणीचं पेन काढलं आणि ट्रेसरचं काम चोख केलं. एकूण एक बाण, एकूण एक गुंता, जसाच्या तसा गिरवला. सुंदर अक्षरात. अण्णांनी सुरळी उलगडूनही पाहिली नाही.

मीटिंगला तो कागद मीच भिंतीवर लावला. साहेब म्हणाले, समजावून सांगा. अण्णांनी पहिल्या बाणावर बोट ठेवलं, ते भलत्याच चौकटीत गेलं, आणि त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी टाचण्यांची डबी बंद केली आणि माझ्या टेबलाशी जाऊन बसले.