बुधवारची कोशिंबीर

बीट उकडताना त्याची शेपटी कापायची नाही. देठही बोटभर ठेवायचा. कापलं की रंग सगळा पाण्यात उतरतो आणि हाती येतं ते फिकट, पाणचट काहीतरी. हे मला पुण्याच्या वसतिगृहात एका इथिओपियन मुलाने शिकवलं. तो अर्थशास्त्रात संशोधन करायला आला होता, मी इतिहासात. खोली एकच होती आणि पलंगाखाली एक विजेची शेगडी होती, जिच्यावर वसतिगृहात बंदी होती.

बुधवारी आणि शुक्रवारी त्याचा उपास असे. त्यांच्या चर्चचा तसा नेम होता. दुपार टळेपर्यंत तो काही खात नसे आणि मग हे करत असे: उकडलेलं बीट, बटाटा, गाजर, सगळ्याच्या सारख्या फोडी, बारीक चिरलेला कांदा, हिरवी मिरची, लिंबू, तेल, मीठ. आधी बिटाला लिंबू आणि तेल लावून ठेवायचं, बटाटा अगदी शेवटी घालायचा आणि हलक्या हाताने एकदाच ढवळायचं. घाई केली तर सगळाच एकसारखा लाल लगदा होतो. नीट जमलं तर बटाट्याच्या फोडीला फक्त कडेने गुलाबी रंग चढतो आणि आतून ती पांढरी राहते. त्याच्या घरी हे आंबवलेल्या मोठ्या धिरड्यासारख्या भाकरीबरोबर खात. आमच्याकडे ती नव्हती, आम्ही मेसच्या पोळ्यांबरोबर खायचो. मला रांधायला येणारा हा एकच पदार्थ. त्या काळात मी इतिहास किती शिकलो ते माहीत नाही, पण हे मात्र हाताला कायमचं आलं.

लग्नानंतर पहिल्यांदा केला तेव्हा माझी बायको वाटीत बघून म्हणाली, "अरे, ही तर कोशिंबीरच. फक्त कॉलेजात जाऊन आलेली." तेव्हापासून घरात त्या पदार्थाचं नाव कोशिंबीर असंच पडलं. ती वाटीतल्या सगळ्यात गुलाबी फोडी आधी वेचून खायची आणि पांढऱ्या माझ्याकडे सरकवायची.

ती गेली त्याला आता वर्षाहून जास्त काळ झाला. त्याबद्दल मी इथे फार लिहिणार नाही. लिहायला बसलो की वाक्यं नीट येतात आणि तीच मला खोटी वाटतात.

तिच्या आजारपणात तिच्या आई आमच्याकडे राहायला आल्या. बदलापूर पश्चिमेला मांजर्लीत आमचं घर आहे, तिसऱ्या मजल्यावर. आईंचं घर अंबरनाथला बुवापाड्यात, तिथे त्यांचा मुलगा आणि सून असतात. लेकीचं सगळं करून झाल्यावर, दिवस वगैरे झाल्यावर, त्या परत जातील असं सगळ्यांनी धरलं होतं. त्या गेल्या नाहीत. "वर्षश्राद्ध होऊ दे, मंग जाईन," असं म्हणाल्या. मला वाटतं, त्या वेळी आम्हा दोघांनाही एकटं राहण्याची भीती वाटत होती आणि दोघांनीही ती वर्षश्राद्धाच्या नावावर टाकली.

जावई आणि सासू, मधलं माणूस नसताना एका घरात, हे तसं अवघडच. आईंनी पहिल्याच दिवशी नियम घालून दिला. जावयाने स्वयंपाकघरात यायचं नाही. मी पाण्याचा पेला विसळायला गेलो तरी त्या तो हातातून काढून घेत. लेकीच्या घरचं खायचं नाही ही जुनी रीतही त्यांच्या मनातून गेली नव्हती. मुलाकडून त्या तांदळाची गोणी मागवून घेत आणि शेजारणीने कधी खोचक विचारलं तर सांगत, "तांदूल माझा हाय. पानी तेवढं जावयाचं पिते."

रोज वालाची आमटी, एखादी भाजी, तांदळाची भाकरी. भाकरी अशी पातळ आणि मऊ की दुमडली तरी चीर जात नसे. मावरं, म्हणजे मासे, मात्र कधी नाही. त्यांच्या घरात बुधवार, शुक्रवार, रविवार चुलीवर मावरं असायचंच, हे मला माहीत होतं. मी देशावरच्या शाकाहारी घरातला. बायको मासे खायची ती आईकडे जाऊन, आमच्या घरी तिने ते कधी केले नाहीत. ते आमचं कधी ठरलं नव्हतं, नुसतं तसं होत गेलं. आईंनी मावरं सोडलं ते लेकीच्या दुःखाने, असं मी समजलो, आणि त्या विषयावर बोलणं मला असभ्य वाटलं.

थंडीच्या सुरुवातीला एका बुधवारी कॉलेजात शिकवून परत येताना मी उल्हासनगरला कॅम्प पाचच्या रस्त्यावर थांबलो. एका सिंधी भाजीवाल्याकडे बीट मांडलं होतं, ताजं, माती लागलेलं. "साईं, पत्ते काट दूं?" त्याने विचारलं. मी नको म्हणालो. घरी आलो तेव्हा आई गुडघ्यांना तेल लावून झोपल्या होत्या. मी हळूच स्वयंपाकघरात शिरलो आणि कुकर लावला.

शिट्ट्यांनी त्यांची झोप चाळवली, पण त्या उठून आल्या तोवर मी बीट सोलून चिरत होतो. दारात उभ्या राहून त्यांनी आधी माझे लाल झालेले हात पाहिले.

"अगं बाय! बोट कापलं काय?"

"नाही आई. बीट आहे."

"मना उठवाचं ना! जावयानं रांधलं तर लोक मना काय बोलतील?"

"हे रांधणं नाही. उकडून चिरलंय फक्त. कोशिंबीर आहे."

कोशिंबीर म्हटल्यावर त्यांना बहुधा मध्यममार्ग सापडला. कोशिंबीर म्हणजे काही जेवण नव्हे. त्या पाटावर बसल्या आणि मी चिरत होतो ते बघत राहिल्या. हे कुठून शिकलात म्हणाल्या, तेव्हा मी पुण्याची खोली, तो मित्र आणि त्याचा उपास, सगळं सांगितलं.

"उपासाला कांदा?"

"चालतो. लसूणपण चालतो. दूध, तूप, अंडं नाही चालत."

"आपल्याला चालतं त्ये त्याला नाय, आन त्याला चालतं त्ये आपल्याला नाय. कनचा देव ह्यो?" मग त्यांना एकदम आठवलं. "उपास कवा म्हनालात?"

"बुधवारी आणि शुक्रवारी."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मीच तो नियम केला होता. "बुधवारी उपास. शुक्रवारीपन उपास. मंग बिचाऱ्यानं मावरं कवा खावाचं?"

आणि त्या हसल्या. तोंडाला पदर लावून, खांदे हलवत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. लेक गेल्यानंतर मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. मीही हसलो. हसणं थांबल्यावर आम्ही दोघेही थोडे ओशाळलो, कोणी बघितलं तर नाही ना, असे.

त्यांनी भाकरी केली आणि कोशिंबीर खाल्ली. "आंबट हाय. बरी लागते," म्हणाल्या. "ह्याच्यासंगती कायतरी..." आणि थांबल्या.

"काय आई?"

"काय नाय. खा तुमी."

तेव्हापासून बुधवारी कोशिंबीर ठरलेली. कामाची वाटणीही आपोआप झाली. त्या उकडायच्या आणि सोलायच्या, मी चिरायचो. उकडलेलं बीट पाण्याखाली धरून अंगठ्याने दाबलं की साल आपण होऊन सरकते, हे मी त्यांना दाखवलं. त्यांनी मला पाला टाकायचा नाही हे शिकवलं. बिटाचा पाला लसणीवर परतून दुसऱ्या दिवशी भाजी व्हायची. स्टेशनजवळ आदिवासी बायका कंद घेऊन बसतात, तिथून त्यांनी एकदा कोनफळ आणलं. आतून जांभळं, चिरताना बुळबुळीत. "घाला त्याच्यात. तुमच्या दोस्ताला कनाला सांगाचं?" कनाला म्हणजे कशाला. मी घातलं. बीट लाल, कोनफळ जांभळं आणि बिचारा बटाटा दोन्हींच्या मधे. चवीला मात्र उत्तम झालं. त्याच बायकांकडचे करांदे घालून पाहिले, ते कडू निघाले. रताळं घातलं तर गोड झालं आणि मिरची वाढवावी लागली. मी पुस्तकातून काही वाचत असलो की त्या विचारायच्या, "कोशिंबिरीचं हाय काय?" आणि नसलं की त्यांचा रस जायचा.

दिवस बरे जात होते. बरे जातात याचंच मला वाईट वाटायचं, मग तेही कमी झालं. एक गोष्ट मात्र रोज जवळ येत होती. वर्षश्राद्ध झालं की आई जाणार होत्या. त्यांनी जाऊ नये असं मला वाटत होतं आणि ते सांगायला तोंड नव्हतं. राहा म्हणावं तर जावयाला फुकटची स्वयंपाकीण हवी आहे असा अर्थ निघाला असता. त्यांच्या मुलाच्या तोंडावर म्हणणं तर अशक्यच. मुलगा असताना आईने जावयाच्या दारात का राहावं, याला माझ्याकडे एकही चांगलं कारण नव्हतं. मला त्यांची सोबत हवी होती, एवढंच.

वर्षश्राद्ध झालं. संध्याकाळी पाहुणे पांगल्यावर मेहुण्याने आईंना सांगितलं, "आई, रविवारी येतो रिक्षा घेऊन. सामान भरून ठेव."

"बरं," आई म्हणाल्या. एवढंच.

मी त्याला खाली सोडायला गेलो. तो अंबरनाथला एका कारखान्यात आहे, मोकळा माणूस. फाटकाशी थांबून म्हणाला, "भावोजी, तुम्ही मनाला लावून नका घेऊ. तिला तुमच्याकडं काय त्रास नाय. पन फोनवर मला बोलते, जीभ मेली माझी. वर्ष झालं, मावऱ्याचा काटा नाय बघितला."

"पण ते त्यांनी दुःखाने सोडलंय ना?"

तो बघतच राहिला. "दुःखानं? ती? आमचे बाबा गेले तवा तेरावं झालं आन दुसऱ्या दिवशी तिनं बोंबील केले. बोलली, त्यांना आवडायचे. तुमच्या घरात कशी शिजवनार ओ? तुम्हाला वास नाय चालनार म्हनून गप बसलीय."

मी जिना चढून वर येताना मधल्या मजल्यावर थांबलो. एका घरात आम्ही दोघं वर्षभर एकमेकांचा मान राखत बसलो होतो.

त्या आठवड्यातल्या बुधवारी मी बाजारात सुक्या मासळीच्या ओळीत गेलो. ओले मासे पारखणं माझ्या आवाक्याबाहेरचं होतं. सुक्यात चूक कमी होईल असा माझा हिशेब. पहिल्याच बाईने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"सर, भाजीवाले पलीकडं बसतात."

"जवळा हवाय. हा बारीक, कोळंबीसारखा, तो जवळाच ना?"

"जवलाच हाय. कोन खानार, तुमी?"

"सासूबाई."

"मंग सासूलाच पाठवाचं ना!" शेजारची बाई फिस्सकन हसली. पहिलीने मात्र जवळा एकात एक अशा तीन पिशव्यांत बांधून दिला, न सांगता.

घरी येऊन मी पिशवी ओट्यावर ठेवली. आई बीट सोलत होत्या. त्यांनी वासानेच ओळखलं असणार, पण हात पुसून, गाठी सोडून, आत पाहिलं.

"ह्ये कोनासाठी?"

"तुमच्यासाठी. आज बुधवार."

त्यांनी चिमूटभर जवळा तळहातावर घेऊन खिडकीच्या उजेडात धरला.

"वास बसंल घरात," म्हणाल्या. "पडद्यांना, अंथरुनाला, सगलीकडं."

"बसू दे."

"तुमच्या पुस्तकांना."

"पुस्तकांनापण बसू दे."

त्यांनी तळहातावरचा जवळा बोटाने पसरला. मग त्यांचा नेहमीचा आवाज आला. "फसवलं तुमाला. रेती किती हाय बगा. आन जुना हाय. कवढ्याला दिला? नको, सांगू नका, माझं डोकं फिरंल."

मग त्यांनी कांदे काढले. जवळा कोरडा भाजून, फडक्यात चोळून, पाखडला, धुतला आणि भरपूर कांद्यावर परतला. वास खरंच फार होता. मी गॅलरीत गेलो नाही. ओट्याशी उभा राहून बटाट्याच्या फोडी करत राहिलो आणि थोड्या वेळाने नाक सरावलं. पुस्तकं वाचून माणूस सहिष्णू होतो म्हणतात. मला वाटतं, ओट्याशी उभं राहूनही होतो.

आम्ही जेवायला बसलो. त्यांच्या ताटात भाकरी, जवळा आणि कोशिंबीर. माझ्या ताटात भाकरी आणि कोशिंबीर. त्यांनी भाकरीच्या तुकड्यात जवळा घेतला, त्यावर बिटाची एक फोड ठेवली आणि डोळे मिटून चावत राहिल्या. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं. ते लेकीसाठी होतं, जवळ्यासाठी होतं की मिरचीमुळे, मी विचारलं नाही.

"ह्याच्यासंगती ह्येच पायजे होतं," त्या म्हणाल्या. "पैल्या दिवशीच मना कललं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी का नाय बोलला?"

मी आणखी कोशिंबीर वाढून घेतली. जेवण झाल्यावर भांडी मी घासायला घेतली आणि त्यांनी हातातून काढून घेतली नाहीत. त्या दारापाशी खुर्चीवर बसल्या, चष्मा लावला आणि मुलाला फोन केला. त्यांना फोनवर ओरडून बोलायची सवय आहे, त्यामुळे नळ चालू असूनही मला सगळं ऐकू आलं.

"रविवारी रिक्षा नको आनू... नाय रे, तब्येत बरी हाय... कनाला भांडन झालं? जावाय असा हाय काय भांडनारा? मी हितंच हाय आता, तूच येत जा... आन ऐक, येताना बोंबील घेऊन ये, तुज्या हातानं निवडून. जावयाला काय कलत नाय त्यातलं."