नवरदेव आणि चार चाकांची हवा

मोटारीच्या टायरात हवा किती असावी, या विषयावर मी आजही तासभर बोलू शकतो आणि घरातली माणसं आजही मधूनच उठून जाऊ शकतात. दोन्ही गोष्टींची आम्हाला सवय झाली आहे. पण हा विषय माझ्या डोक्यात पक्का बसला तो माझ्याच लग्नात, तेव्हा एकदा ऐकून घ्या.

आम्ही बेळगावाला लागून असलेल्या शहापूरचे विणकर. वडील लवकर गेले, मला वाढवलं ते थोरल्या भावानं, आण्णांनी. माग त्यांनीच शिकवला, पण माझं लक्ष मागापेक्षा रस्त्यानं जाणाऱ्या मोटारींकडं. आण्णांनी बरेच दिवस धुसफूस केली. मग बेळगावच्या लष्करी कँपातला एक गोरा साहेब विलायतेला परत निघाला तेव्हा त्याची सात माणसांची जुनी मोटार त्यांनी एका भागीदाराबरोबर घेतली आणि माझ्या हवाली केली. गाडी कसली, धूडच ते. बेळगावाहून जांबोटीवरून कणकुंबीपर्यंत मी ती भाड्यानं हाकायचो. ही दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधीची गोष्ट.

कँपातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं मला गाडीबरोबर हवेचंही शिक्षण दिलं. हवा भरण्याआधी तीन गोष्टी विचारायच्या: माणसं किती, वाट कसली, ऊन किती. गाडी भरलेली असेल तर मागच्या चाकांत थोडी जास्त. कणकुंबीच्या चिखलात जायचं तर थोडी कमी. उन्हाळ्यात सकाळी भरताना हात राखून, कारण दुपारपर्यंत आतली हवा तापून फुगते. त्यानं मला हवा मोजायचं गेजही दिलं, बोटाएवढी पितळी नळी. ती मी कोटाच्या आतल्या खिशात ठेवायचो आणि गरज नसताना चार माणसांत काढून दाखवायचो. माणसं हसायची.

आण्णांना त्या नळीचा राग. मागावर ताणा, म्हणजे उभं सूत, लावला की ते त्यावरून बोटं फिरवायचे आणि सूत किती ताणलंय ते त्यांना तेवढ्यात कळायचं. त्यात त्यांची चूक झालेली मी कधी पाहिली नाही. तीच बोटं ते टायरवर वाजवायचे. ताणा ढिला राहिला की कापड वाया जातं, म्हणून टायरही कडकच पाहिजे, आणि जेवढा कडक तेवढा चांगला, असं त्यांचं सरळ गणित. ते घरात गेले की मी गुपचूप हवा सोडायचो आणि घरात शांतता राखायचो.

लग्न ठरलं ते निपाणीच्या पलीकडच्या खेड्यात, तंबाखू पिकवणाऱ्या एका शेतकऱ्याच्या मुलीशी. सासऱ्यांना मी पसंत होतो, मोटार नव्हती. वऱ्हाड आदल्या दिवशीच बैलगाड्यांनी यावं, असं त्यांचं म्हणणं. पण नवरीचा शालू अजून मागावर होता. आण्णा तो स्वतः विणत होते आणि पदर दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायला तयार नव्हते. म्हणून त्यांनी शब्द दिला की लग्नाच्या दिवशी सकाळी मोटारीनं निघू आणि साडेअकराच्या मुहूर्ताला मांडवात हजर असू. त्या उन्हाळ्यातला तो शेवटचा मुहूर्त. चुकला तर लग्न थेट तुळशीच्या लग्नानंतर, तेही तोवर सोयरीक टिकली तर.

आमच्यात हळद लागली की नवऱ्यानं कामाला हात लावायचा नाही. हातात लिंबू खोचलेली कट्यार धरायची आणि ती खाली ठेवायची नाही, बस्स. गाडी हाकायला दुसरा ड्रायव्हर आणला होता आणि हवेचं काम आण्णांनी स्वतःकडं घेतलं होतं. मी मुंडावळ्या सावरत कट्ट्यावर बसून बघत होतो. आण्णा पंप मारताहेत, मारताहेत, थांबायचं नाव नाही. शेवटी त्यांनी टायरवर बोटं वाजवली, कडक आवाज आला आणि त्यांचा चेहरा खुलला. हवा फार झाली होती, हे मला बसल्या जागी कळत होतं. पण सगळं वऱ्हाड आजूबाजूला उभं होतं, आणि ज्यांनी मला बापाच्या मायेनं वाढवलं त्यांना लोकांदेखत चूक म्हणायला माझी जीभ रेटेना. त्या गप्प बसण्याचा मला अजून राग येतो.

गाडीत शालूची पेटी मावेना म्हणून आण्णांनी पंपच काढून घरात ठेवला. एवढी हवा भरल्यावर पंप कशाला, असं म्हणाले.

सात माणसांच्या गाडीत आम्ही अकरा बसलो. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला सगळं वऱ्हाड एकदम उडायचं. संकेश्वर येईपर्यंत आमच्या थोरल्या बहिणीचं, आक्काचं, डोकं गाडीच्या कापडी हुडाच्या दांडीला तीनदा आपटलं. आण्णा सरकारला आणि रस्त्याला शिव्या देत होते. मी कट्यारीवरच्या लिंबाकडं बघत बसलो होतो.

निपाणीच्या पुढं मोठा रस्ता सोडला आणि सासरच्या गावाच्या दोन कोस अलीकडं ओढा आडवा आला. कोरडा ठणठणीत, नुसती वाळू. मऊ चाक वाळूवर पसरतं आणि निघून जातं. आमची चाकं पसरायला तयारच नव्हती, ती सरळ खाली गेली. मी सोडून सगळे उतरले, ढकलून झालं, देवाचं नाव घेऊन झालं. चाकं जागच्या जागी फिरत आणखी खोल जात होती. ड्रायव्हर म्हणाला, बैल आणा. बैल दोन कोसांवर, आणि साडेदहा वाजून गेलेले. म्हाताऱ्या माणसांना घेऊन उन्हातून चालत गेलो तरी मुहूर्त गाठणं अशक्य. आण्णा पेटीवर हात ठेवून उभे होते. त्यांच्या तोंडावरचा रंग गेला होता. मुहूर्तापेक्षा त्यांना आपल्या शब्दाची काळजी लागली होती, हे मला दिसत होतं.

मी खाली उतरलो. हळदीच्या अंगानं उतरू नको, म्हणून आक्का ओरडली. मी कट्यारीचं लिंबू काढून तिच्या हातात दिलं, वाळूत बसलो आणि कट्यारीचं टोक टायरच्या व्हॉल्व्हमध्ये दाबलं. फुस्स करून हवा सुटली. कट्यार खाली ठेवायची नाही एवढंच ठरलं होतं, आणि मी ती खाली ठेवली नव्हती.

आण्णा तरातरा आले. ते काही बोलायच्या आत मीच बोललो.

"आण्णा, हवा लई झालीया. वाळूत चाक पसराय पायजे."

सगळे त्यांच्या तोंडाकडं बघू लागले. आण्णांनी वाकून मी हवा सोडलेल्या टायरवर बोटं ठेवली, दाबली, पुन्हा दाबली. मग आक्काच्या अंबाड्यातला आकडा उपसून घेतला आणि पलीकडच्या चाकापाशी उकिडवे बसले.

"किती सोडू? तू थांब म्हन."

मी पहिल्यांदा मागावर बसलो तेव्हा माझ्या मागं उभं राहून थांब म्हणणारे आण्णाच होते. मी खिशातून नळी काढली आणि चाकाला लावून त्यांना थांब म्हणालो. नळीला त्या दिवशी कुणी हसलं नाही.

चारही चाकं मऊ केली आणि गाडी डुलत वर आली. पुढची वाट खडकाळ, पंप घरी, आणि मऊ चाकांना एवढा भार झेपणार नाही, म्हणून सहा तरण्या माणसांना तिथंच सोडलं आणि बाकीचे हळूहळू निघालो. ती सहा माणसं चालत आली ती थेट पंगतीलाच.

मांडवाशी पोचलो तेव्हा मुहूर्ताला दहा मिनिटं होती. सासरे बाहेरच उभे होते. तंबाखूच्या पानाची ओल चिमटीत धरून बघतात तसा त्यांनी टायर अंगठ्यानं दाबून बघितला. ओढ्यातनं गाडी येणार नाही म्हणून बैल जुंपून ठेवले होते, आली कशी, असं त्यांनी सगळ्यांसमोर आण्णांना विचारलं. आण्णांनी काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं.

"हवा धाकट्यानं बघितली," आण्णा म्हणाले. "मी चुकलोतो."

आण्णांच्या तोंडून हे शब्द मी त्याआधी कधी ऐकले नव्हते, आणि पुढंही ऐकले नाहीत. अंतरपाटाशी उभा राहिलो तर ते अक्षता टाकताना दिसले. त्यांची दोन बोटं टायरनं काळी झालेली. माझे डोळे भरून आले आणि मुंडावळ्यांनी काही ते झाकले गेले नाहीत.

अंतरपाट दूर झाला तेव्हा बायकोनं ते पाहिलं. पुढं एकदा तिनं विचारलं, तेव्हा होमाचा धूर डोळ्यांत गेला होता असं मी सांगितलं. अंतरपाटाच्या वेळी आमचा होम पेटलेला नव्हता. हे तिलाही ठाऊक होतं.