‘धरलं’ म्हटल्याशिवाय सोडायचं नाही

नोकरीत मी पुष्कळ केसेस पाहिल्या. त्यातल्या बऱ्याचशा विसरलो, आणि विसरलो ते बरंच झालं. पण त्या पुराच्या उन्हाळ्यातली काळी पेटी मात्र अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचा तो पूर. मी मूळचा नागपूरचा. बायको नर्स, तिला हॉस्पिटलात नोकरी लागली म्हणून पुराच्या बरीच वर्षं आधी आम्ही अमेरिकेच्या मधल्या पट्ट्यातल्या एका नदीकाठच्या लहानशा शहरात आलो. मी पोलिसात भरती झालो आणि कालांतराने डिटेक्टिव्ह झालो. तिथे आपल्या रंगाचा पोलीस मी एकटाच. सुरुवातीला लोक माझ्याशी जरा जास्तच हळू इंग्रजी बोलायचे. मीही त्यांच्याशी तितक्याच हळू बोलायचो, मग ते हसायचे आणि कामाला लागायचे.

शहर जुनं. एके काळी नदीतल्या शिंपल्यांची बटणं करायचे कारखाने तिथे होते. अजूनही कुणी अंगण खणलं की गोल भोकं पाडलेले शिंपले निघतात. शहराचे दोन भाग. नदीलगत रेल्वेच्या रुळांपाशी खालची गल्ली, तिथे जुन्या कामगारांची घरं. वर टेकडी, तिथे डॉक्टर, वकील आणि चर्च. एरवी या दोघांचं एकमेकांकडे फारसं जाणंयेणं नसे. नदी चढली की मात्र सगळं शहर एका ओळीत उभं राहायचं.

ही ओळ म्हणजे काय, ते सांगायला हवं, कारण सगळी केस तिच्यावरच उभी आहे. वरून खाली माणसं खांद्याला खांदा लावून उभी राहायची आणि वाळूच्या पिशव्या हातोहात बंधाऱ्यापर्यंत जायच्या. खालची घरं रिकामी करायची वेळ आली की घरची माणसं आधी हलवत आणि मग त्याच ओळीतून घरातलं सामान वर जायचं. नियम एकच. घेणारा ‘धरलं’ म्हणेपर्यंत देणाऱ्याने सोडायचं नाही. पोरंसोरंसुद्धा हे शिकलेली असत. त्या पुराच्या दिवशी माझी ड्यूटी पुलावर होती, वाहनं अडवायची, त्यामुळे ओळ मी पाहिली नाही.

पाणी उतरल्यावर खालच्या गल्लीतली एक म्हातारी विधवा ठाण्यात फिर्याद द्यायला आली. बाई ताठ होती. तिच्या नवऱ्याचं अकॉर्डियन, म्हणजे छातीशी धरून भाता ओढत वाजवायचा बाजा, काळ्या पेटीत कपाटावर ठेवलेला असे. त्याच्या आजोबांनी तो जर्मनीहून आणला होता. तो गेला होता.

‘नदीने नेला असता तर मी नदीशी भांडले असते,’ ती म्हणाली. ‘पण कपाटावर पाणी चढलंच नाही. तुम्ही स्वतः येऊन बघा.’

मी जाऊन पाहिलं. आपल्याकडे पंचनामा करतात तसं सगळं नीट टिपून घेतलं. भिंतीवर चिखलाची रेघ छातीइतकी उंच, कपाटाचा माथा कोरडा ठणठणीत, आणि वरच्या धुळीत पेटीच्या आकाराची चौकट. बाईचं बरोबर होतं. नदीचा यात हात नव्हता.

दोन दिवसांत फोनवर खबर आली. नाव न सांगता एक माणूस म्हणाला, ‘तुरुंगातून सुटून आलाय ना तो पोरगा, त्याला विचारा. पेटी घेऊन बाहेर पडताना मी त्याला डोळ्यांनी पाहिलंय.’ आणि फोन ठेवला. बोलताना मध्ये मध्ये घसा खाकरायची त्याची सवय मी लगेच ओळखली. गल्लीतलाच रेल्वेतून निवृत्त झालेला गृहस्थ होता. ही गोष्ट मी तेव्हाही कुणाला सांगितली नाही.

पोरगा पंचविशीतला. गाड्या चोरायच्या भानगडीत आत जाऊन आलेला आणि त्या वसंतातच पॅरोलवर सुटलेला. त्याला एक लहान मुलगी होती. तिचा ताबा त्याला द्यायचा की नाही, हे कोर्टात ठरायचं होतं. पुरात रिकाम्या केलेल्या घरातून चोरी म्हणजे गंभीर गुन्हा. नुसता आरोप दाखल झाला असता तरी पॅरोल गेला असता, आणि पोरगीही. हे त्याला ठाऊक होतं, आणि मलाही.

गप्प बसण्याचा हक्क मी त्याला वाचून दाखवला. तो म्हणाला, ‘मला बोलायचंय.’

‘पेटी घेतलीस?’

‘घेतली. आजीबाईचं सगळं सामान मीच बाहेर काढलं.’

‘मग कुठे आहे?’

‘ओळीत दिली. लाल रेनकोटवाली बाई होती, तिच्या हातात दिली.’

‘तिचं नाव?’

‘कोण विचारतंय तेव्हा? ती धरलं म्हणाली. मग मी सोडली.’

तासभर मी त्याला उलटसुलट विचारलं. खोटं बोलणारा माणूस दुसऱ्यांदा सांगताना गोष्ट नीटनेटकी करतो. याने एक अक्षर बदललं नाही की वाढवलं नाही. पण माझ्या मताला कोर्टात काय किंमत? लाल रेनकोटवाली कुणालाच माहीत नव्हती. मदतीला आसपासच्या गावांतून शेकड्याने लोक आले होते, आणि वर पोचलेलं सामान कुणी कुठे नेलं याची नोंद नव्हती. आमचे चीफ भला माणूस, पण घाईचा. म्हणाले, ‘सोमवारी कागद सरकारी वकिलाकडे जाऊ देत. बाईला उत्तर द्यायचंय.’

घरी जेवताना मी बायकोपाशी कुरकुर केली. पुराच्या दिवशी ती पलीकडच्या रस्त्यावरच्या ओळीत उभी होती.

‘अहो, त्याला नाव काय विचारता?’ ती म्हणाली. ‘मला विचाराल तर माझ्या लेफ्टला एक जाडा माणूस होता, सारखा शिंकायचा. राइटला स्कूलमधली कुक. बस. तिच्या पलीकडे कोण, गॉड नोज. पण त्या दोघांना मी कुठेही ओळखेन.’

मी वाटीतली आमटी तशीच ठेवून तिच्याकडे बघत राहिलो. चाळीस-पन्नास साक्षीदार होते, प्रत्येकाला फक्त दोन माणसं ठाऊक, आणि मी मात्र एकेकट्याला गाठून सगळ्या गल्लीचं विचारत बसलो होतो.

‘आधी जेवा,’ ती म्हणाली. ‘पोलिसांनी उपाशी विचार करू नये.’

रविवारी चर्चमधून, किराणा दुकानातून निरोप फिरवले, शेजारच्या गावांतही पाठवले. खालच्या गल्लीच्या ओळीत जे उभे होते, त्यांनी दुपारी येऊन पुन्हा उभं राहावं. का, ते सांगितलं नाही. चीफ म्हणाले, ‘दहा माणसं आली तरी पुष्कळ.’ रस्ता भरला. डॉक्टर आले, कसाई आला, कॉलेजची मुलं आली. आपण नेमकं कुठे उभे होतो, ते कुणालाच आठवेना, पण शेजारी कोण होतं ते सगळ्यांना आठवत होतं. ‘तू माझ्या उजवीकडे होतास, तुझी टोपी सारखी पडायची.’ असं करत करत ओळ जुळत गेली. आणि कोरड्या, लख्ख उन्हात एक बाई लाल रेनकोट घालून आली. म्हणाली, ‘ओळखायला सोपं जावं म्हणून घातला.’

मी पोराच्या हातात एक रिकामी पेटी दिली. त्याने ती बाईकडे केली. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘हाच तो. काळी पेटी होती. मला वाटलं आत टाइपरायटर आहे, इतकी जड. धरलं.’

माझ्या छातीवरचं ओझं तिथेच उतरलं, हे कबूल करतो. पण पेटी अजून मिळायची होती. रिकामी पेटी हातोहात वर चढत गेली. टेकडीवर शेवटी शाळेच्या बसची ड्रायव्हर उभी होती. तिने पेटी घेतली, पुढे द्यायला वळली, आणि तशीच थांबली. पुढे कुणीच नव्हतं.

‘इथे एक म्हातारा होता,’ ती म्हणाली. ‘हिरवा ट्रक घेऊन आलेला. सगळं त्यानेच भरून नेलं.’

धान्य कोठारावर काम करणारा एक जण लगेच म्हणाला, ‘अहो, तो टेकडीपलीकडचा शेतकरी. पुरानंतर शिडीवरून पडला. त्याची लेक त्याला दुसऱ्या राज्यात आपल्या घरी घेऊन गेलीय.’

मी लेकीला फोन लावला. वडिलांच्या डोक्याला मार लागला होता, अजून बोलणं जुळत नव्हतं. घाईत तिने शेतावरच्या वखारीला आत न बघताच कुलूप लावलं होतं. तिने रीतसर संमती दिली, किल्ली शेजाऱ्याकडे होती. मी, चीफ आणि फिर्यादी बाई, तिघेही गेलो.

कुलूप उघडलं आणि आम्ही उभेच राहिलो. आत सगळी खालची गल्ली होती. पाळणे, शिवणयंत्रं, लग्नाचे फोटो, घड्याळं, कुणाचं बायबल, कुणाची ट्रॉफी. नदीने नेलं म्हणून लोक ज्याच्यासाठी रडून मोकळे झाले होते, ते सगळं गवताच्या गंजीवर ताडपत्रीखाली कोरडं पडलं होतं. काळी पेटी म्हाताऱ्याने स्वतःच्या घोंगडीत गुंडाळून सगळ्यांत वर ठेवली होती. बाईने पेटी उघडली नाही. नुसता हात ठेवला आणि म्हणाली, ‘त्या पोराला आधी सांगा. माझं नंतर.’

सामान खाली न्यायला पुन्हा ओळ लागली. टेकडीवरून या वेळी उलटी. पोरगा आपल्या जागी उभा होता. मी बाजूला उभा राहून बघत होतो. तो रेल्वेवाला गृहस्थ घसा खाकरत आला आणि पोराच्या पुढे उभ्या असलेल्या माणसाला म्हणाला, ‘जरा सरक.’ आणि तिथे उभा राहिला. इकडे तिकडे बघेना. पोराने त्याच्याकडे एकदाच पाहिलं. मला वाटतं, त्याला कळलं.

काळी पेटी आली. पोराने ती पुढे केली. रेल्वेवाल्याने दोन्ही हात पेटीखाली घातले आणि अगदी हळू म्हणाला, ‘धरलं.’ पोरगा सोडेना. तसाच धरून उभा राहिला. मागची माणसं थांबली. मग रेल्वेवाल्याने मान वर केली, पोराच्या डोळ्यांत बघून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, ‘धरलंय मी, बाळा.’

तेव्हा पोराने सोडली. माफी कुणी मागितली नाही, कुणी मागायला लावलीही नाही. मुलीचा ताबा त्याला मिळाला. सुनावणीच्या दिवशी कोर्टाच्या बाकावर ती म्हातारी आणि हा रेल्वेवाला, दोघेही येऊन बसले होते. मी त्यांना बोलावलं नव्हतं.

या केसने मला एक शिकवलं. साक्षीदार एकेकटा पुरा पडत नाही म्हणून त्याला टाकून देऊ नये. त्याच्या शेजारच्याला शोधावं. बाकी त्या शहराने मला जे दिलं, त्याची मोजदाद कशी करणार? परक्या माणसाने रविवारी बोलावलं आणि कारण न विचारता सगळे येऊन उभे राहिले. त्यांचे उपकार मी आजन्म विसरणार नाही.

आता आम्ही तिथून दूर, अ‍ॅशबर्न नावाच्या गावात मुलाजवळ राहतो. बाजार करून आलो की गाडीतून सामान काढून मी बायकोच्या हातात देतो आणि सोडत नाही.

‘अहो, पुरे झालं आता,’ ती म्हणते. मी तसाच उभा.

‘धरलं हो,’ ती म्हणते. मग मी सोडतो.