राघू आ गए

वसंत ऋतू लखनौत उतरण्याआधी आमच्या वरच्या मजल्यावरच्या साहेबांची परवानगी घेतो, असं माझं पक्कं मत आहे. बँकेत ते माझे साहेब होते. निवृत्तीनंतर इथेच राहिले, आणि राहिले तेही नेमके माझ्या डोक्यावर. दोघेही मूळचे अकोल्याचे, रोज सकाळी गोमतीकाठी बरोबरच फिरणारे. पण नदी दाखवायची ती त्यांनाच दाखवते. मी बघावं तर जलपर्णी आणि प्लास्टिकच्या पिशव्या. त्यांनी बघावं तर ऊन खात बसलेली कासवं आणि काटेसावरीच्या फुलांवर मैनांची झुंबड. अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा माझा.

त्यात पक्ष्यांची नावं मराठीतच घ्यायची हा हट्ट. काठावरचा चहावाला झुडपातल्या कलकलाटाला 'सात बहनें' म्हणाला, तर साहेब अर्धा तास त्याला समजावत होते, "भैया, ये सातभाई हैं." तो शांतपणे म्हणाला, "बाबूजी, इतना तो बहनें ही बोलती हैं." साहेबांनी दोन दिवस तिथला चहा सोडला, आणि त्यांच्यापायी मलाही सोडावा लागला.

फाल्गुनात नदीच्या मातीच्या कडेत बिळं कोरायला वेडा राघू येतो, चिमणीएवढा, हिरवागार. तो दिसला की साहेब सोसायटीच्या ग्रुपवर लिहिणार, "राघू आ गए." पहिल्या वर्षी तळमजल्यावरच्या भाभींनी विचारलं, "किसके यहाँ?" आणि संध्याकाळी पाहुण्यांसाठी गुजिया, म्हणजे आपल्या करंज्या, घेऊन वर गेल्या. साहेबांनी खुलासा केला, पण गुजिया खाल्ल्यावर. तेव्हापासून सगळी सोसायटी त्या एका ओळीची वाट बघते. ती ओळ एकदा तरी मी लिहावी, एवढी एकच इच्छा माझी उरली होती.

यंदा राघू आधी मला दिसला. समोरच्या कडेवर, पायांनी माती उडवत. मी फोन काढून 'राघू' एवढं लिहिलं आणि मिरवायला म्हणून म्हटलं, "साहेब, बघा."

ते बघत राहिले, भलतीकडेच. मी बोट दाखवलं.

"हां, दिसला, दिसला. मस्त आहे यार," म्हणत त्यांनी चहाचा कुल्हड बाकावर ठेवला, तो बाकाच्या बाहेरच.

"केव्हापासून, साहेब?"

"दिवाळीपासून. दोन्ही डोळ्यांचे पडदे गेलेत. ऑपरेशनचा उपयोग नाही म्हणतात. घरी बोलू नकोस."

मी माझं 'राघू' पुसलं. त्यांचा फोन मागून घेतला, त्यावरून ओळ लिहिली आणि पाठवली. घरी पोचेपर्यंत अंगठ्यांची रांग लागली. कोणाकोणाचे आले ते त्यांनी मला वाचायला लावलं. खरं सांगतो, वाचतानाही मी जळत होतो.

आता फिरताना त्यांचा हात माझ्या खांद्यावर असतो आणि काय दिसतंय ते मी सांगत असतो. परवा कुठे काहीच नव्हतं. म्हणून मी सांगितलं, मुंगसाची मादी चाललीय, मागे पिल्लं.

"किती?"

"तीन."



"नशीबवान आहेस लेका," ते म्हणाले. "मला इतक्या वर्षांत पिल्लं कधी दिसली नाहीत."