खोडरबरकाका

काकांच्या शर्टाच्या खिशात पेन कधी नसायचं, खोडरबर असायचा. पांढरा, कडेनं काळा पडलेला, शाळकरी पोरांच्या कंपासपेटीत असतो तसला. कॉलनीत कुणाचाही कम्प्युटर रुसला की काका खोका उघडायचे, मेमरीची पट्टी बाहेर काढायचे आणि तिचे सोनेरी दात त्या खोडरबरानं घासायचे, अगदी निगुतीनं. बऱ्याच मशीनांचं तेवढ्यावर भागायचं. म्हणून मानक नगरच्या आमच्या रेल्वे कॉलनीतली पोरं त्यांना खोडरबरकाका म्हणायची, आणि पोरांचे काका ते माझेही काका. मला ते वहिनी म्हणत.

मूळचे भुसावळचे. रेल्वेत इलेक्ट्रिशियन म्हणून लखनऊला आले आणि निवृत्त झाल्यावरही इथेच राहिले. बायको गेलेली, मुलगा नाशिकला. बोलणं मराठीत सुरू व्हायचं आणि हिंदीत जाऊन संपायचं. "वहिनी, पंखा फिरतोय म्हणजे मशीन जिवंत आहे असं नाही हं. पंखा तो कोई भी घुमा ले!" खोक्याला हात लावण्याआधी ते माणसाला विचारायचे, "आधी सांगा, काय केलंत?" लोक हटकून खोटं बोलतात, असं हसत सांगायचे. "कुछ नहीं किया, अपने आप बंद हो गया म्हणे! अहो, आपोआप काही होत नाही."

मीही खोटंच बोलले. आता लपवून काय करायचंय?

आमच्या ह्यांना घशाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशननंतर आवाज राहणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मग ऑपरेशनआधीचा महिनाभर हे रोज संध्याकाळी कम्प्युटरसमोर बसून बोलले. वाईच्या लहानपणीच्या गोष्टी, घाटावरच्या खोड्या, आजोबांच्या शिव्यासुद्धा. आमची मुक्ता बंगळूरला असते. तिला मराठी कळतं, पण उत्तर हिंदीतच येतं. उद्या तिला लेकरू झालं, तर त्यानं निदान आजोबांच्या तोंडून तरी मराठी ऐकावं, एवढीच ह्यांची हौस. आधी आवाज गेला, वर्षाच्या आत हेही गेले. राहिलं होतं ते सगळं त्या खोक्यात. एक कॉपी काढून ठेवू, असं आम्ही सगळेच म्हणत होतो आणि काढली कुणीच नाही.

दसऱ्याला हे कम्प्युटरची पूजा करत. पूजा म्हणजे काय, तर पुढच्या बाजूला कुंकवाचं एक बोट आणि वर झेंडूचं एक फूल. त्या वर्षी पूजेला मी एकटी होते. मला कुठलं तेवढ्यावर भागतंय! हळद, कुंकू, अक्षता, आणि देवावर शिंपडतो तसं फुलानं पाणी, चांगलं तीन-चार वेळा. खोक्याच्या माथ्यावर जाळी आहे, हे माझ्या मेल्या डोक्यात आलंच नाही. संध्याकाळी ह्यांचा आवाज ऐकावा म्हणून बटण दाबलं. दिवा लागला, पंखा गरगरला, पडदा मात्र काळाच.

काका लगेच आले. मुक्ता फोनवर होती, स्पीकर चालू. "आई, आपने कुछ किया तो नहीं?" तिसऱ्यांदा विचारत होती. काकांनी खोका उघडला आणि आतलं कुंकू बघून ते हसले. "पूजा जोरदार झालेली दिसते! कोरडं कुंकू काही करत नाही म्हणा. पाणीबिणी नाही ना शिंपडलंत?"

"छे हो, पाणी कशाला!" मी म्हटलं. लेकीच्या कानावर जायला नको, एवढंच त्या घटकेला सुचलं.

मग खोडरबर निघाला. पट्टी घासून झाली, पडदा काळाच. काकांनी आतला छोटा सेल काढून परत बसवला. काही नाही. मग घरी जाऊन त्यांच्याकडचा दुसरा पॉवर सप्लाय घेऊन आले, जोडला, बटण दाबलं. चट् असा आवाज झाला आणि जळका वास सुटला. ज्या हार्ड डिस्कमध्ये ह्यांचा आवाज होता, ती त्यानंतर कधी फिरलीच नाही.

डिस्कच्या पोटाशी एक हिरवी प्लेट असते, ती जळली होती. हुबेहूब त्याच नंबरची प्लेट मिळाली तर काही आशा आहे, असं काका म्हणाले आणि दर शनिवारी नाक्याच्या बाजारात जुन्या डिस्का धुंडाळू लागले. परतताना माझ्याकडे यायचे. "नाही मिळाली, वहिनी. अगले हफ्ते कानपूरचा माल येतोय." एकदा मिळाली, लावली, उपयोग शून्य. मग दिल्लीला कुणाकडे तरी डिस्क पाठवली. त्यांनीही हात टेकले.

जानेवारीत, धुक्यानं चार दिवस ऊन दिसलं नव्हतं तेव्हा, काका चहा पिता पिता म्हणाले, "तिवारीजींच्या मशीनवर अख्खा कप सांडला होता. त्यांनी खरं सांगितलं, मी वीज लावलीच नाही. आधी डिस्क बाहेर, मग ऊन, मग वीज. एक फोटो गेला नाही त्यांचा." मी हातातली कपबशी खाली ठेवली. काकांचं लक्ष नव्हतं. "तुमचं मात्र माझ्या हातून जळलं. जन्मभर वीज हाताळली, आणि तो सप्लाय तपासून लावायचं सुचलं नाही मला." त्यांच्या खिशाकडे बघितलं, तर खोडरबर नव्हता. त्यांनी लोकांची मशीनं घेणंच बंद केलं होतं. तिकडे मुक्ताचंही ठरलेलं होतं, "अंकल ने ही जलाया." पाण्याचं मी तिलाही सांगितलं नाही. तिला बाळ झालं, तरी नाही.

जूनमध्ये मुलगा त्यांना नाशिकला न्यायला आला. निघताना काका मलिहाबादच्या दशहरी आंब्यांची पेटी घेऊन दारात उभे. आज सांगायचंच, असं मी ठरवून टाकलं होतं. "काका, चूक तुमची नव्हती हो," मी सुरुवात केली.

त्यांनी हातच जोडले. "वहिनी, तुमचं मन मोठं. दुसरी कुणी असती तर मला दारात उभं केलं नसतं." त्यांचे डोळे भरून आले होते. मी नुसती पेटी हातात घेतली. खाली मुलानं हाक मारली आणि काका जिना उतरून गेले.

दिवाळीनंतर त्या मुलाचा फोन आला. काका गेले. "नाशिकच्या बाजारातसुद्धा तुमची ती प्लेट शोधत फिरायचे," तो म्हणाला. "शेवटी शेवटी एकच धरून बसले होते, वहिनींनी मला माफ केलंय का, विचार."

आतातरी बोलायचं ना! पण मी म्हटलं, "केव्हाच केलं."