टेपताई आणि दादाचा फोन

पाणीपुरवठा खात्यात तक्रारींच्या फोनवर बसणाऱ्या तिला घरीदारी सगळे टेपताई म्हणत. "नमस्कार, आपलं बोलणं रेकॉर्ड होत आहे" हे वाक्य दिवसभर म्हणून तिच्या जिभेला त्याचं वळणच पडलं होतं. गढूळ पाणी जणू हिनेच नळात ओतलं असावं, अशा थाटात लोक शिव्या घालत आणि ही शांतपणे त्यांचा पत्ता विचारी. जगात एकाच माणसाचं ऐकून घेणं तिला जमत नसे, थोरल्या भावाचं.

दोघांचं विळ्याभोपळ्याएवढं सख्य. त्यात आई चार दिवस लेकीकडे राहायला आली आणि मागे दादाने तिच्या खोलीचं कुलूप बदललं. घर आईचं, तळमजल्यावरची खोली आईची. पण तिथे वहिनीला ब्यूटी पार्लर थाटायचं होतं. कुलूप गंजून अडकलंय, असं आईला सांगून टेपताईने दादाला फोन लावला. या खेपेस मोबाइलवर रेकॉर्डिंगही चालू केलं.

दादा सुटलाच. "कुलूप मीच बदललंय. म्हातारीला आता तूच सांभाळ. पुन्हा दारात आणलीस तर तिच्यासकट तिची ट्रंक रस्त्यावर फेकीन."

तेवढा तुकडा कापून टेपताईने रागाच्या भरात दादालाच पाठवला, मग वकीलबाईंकडे नेला. वकीलबाईंनी तो ऐकायच्या आधीच विचारलं, रेकॉर्ड करताय हे भावाला सांगितलं होतं का? चोराला सांगून कोण पकडतं, असं टेपताईने उलट विचारलं. तेव्हा कळलं, इथला कायदा तसाच आहे. समोरच्याला आधी कळवायला हवं. चोरून नोंदवलेलं बोलणं पुरावा ठरत नाही, उलट गुन्हा आपल्याच अंगावर शेकतो. दादालाही कुणीतरी हे सांगितलं असावं, कारण दुसऱ्याच दिवशी त्याचा निरोप आला, तुलाच आत टाकतो.

आईच्या खोलीचा वाद शेवटी सरकारी तडजोड अधिकाऱ्यांपुढे गेला. तिथे दादा कडक इस्त्री करून आला होता. शेजारी वहिनी, मध्ये मांडीवर पिशवी घेतलेली, किल्लीसाठी बोलावलंय एवढंच ठाऊक असलेली आई. आपण असं बोललोच नाही, इथून तिथून शब्द कापून जोडलेत, त्याने ठासून सांगितलं. "अख्खा फोन लावायला सांगा, साहेब. हिची चोरी पहिल्यापासून ऐकू दे सगळ्यांना."

साहेबांनी अख्खा मागितला. टेपताईने सुरुवात कधी ऐकलीच नव्हती; स्वतःचा आवाज कोण ऐकत बसतं?

"नमस्कार, आपलं बोलणं रेकॉर्ड होत आहे," मोबाइलमधून तिचाच आवाज आला. पाठोपाठ दादाचं हसणं. "कर बाई, कर. हवं तर फ्रेम करून भिंतीवर लाव." आणि मग कुलूप, म्हातारी, ट्रंक, सगळं.

दादाचं तोंड कडू झालं. "ती नेहमीच तसं म्हणते, साहेब. सणकन रागावली तरी आधी ते वाक्य. ते कोण मनावर घेतं?"

"तिने सांगितलं, तुम्ही 'कर' म्हणालात," साहेब म्हणाले. "आता किल्ली द्या."

वहिनीने पर्समधून किल्ली काढून टेबलावर आपटली. टेपताईच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं तेज आलं आणि ती आईकडे वळली. आई मोबाइलकडे बघत होती.

"कुलूप गंजलंय म्हणालीस ना मला?"

ऐकून तुला त्रास झाला असता, एवढंच टेपताई पुटपुटली.

"मग आत्ता काय झालं?" आईने किल्ली उचलून पिशवीत टाकली. "तो बोलला. तू चारचौघांत वाजवलंस. खोली माझी आहे. मी बोलावल्याशिवाय दोघांपैकी कुणी दार वाजवू नका."

ती एकटीच जिना उतरली. टेपताई मागोमाग धावली, तोवर आईने टॅक्सी थांबवली होती. आत बसून तिने स्वतःच्या घराचा पत्ता सांगितला आणि काच वर केली.