तळघराचा स्लॅब

नवी भिंत दिसली की काका थांबायचे. बोटांच्या पेरांनी दोनदा ठोकायचे आणि निकाल द्यायचे, "टिकेल." नाहीतर, "पाणी जास्त झालंय."

असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना त्यांनी कार्यालयाचा खांब ठोकला. काकू कुजबुजल्या, "अहो, लग्न त्यांचं आहे, खांबाचं नाही!"

"खांब राहिला तर लग्न लागेल," काका म्हणाले.

गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीत ते माझ्या वरच्या मजल्यावर राहत. उमेदीची सगळी वर्षं पश्चिम आशियातल्या एका शहरात इंजिनिअर म्हणून गेलेली. तिथे त्यांनी एका वस्तीखाली मोठं तळघर बांधलं होतं. लढाई झालीच, तर बायकामुलांनी जाऊन बसायला. त्यावरच्या जाड स्लॅबचा विषय निघाला की चहा गार व्हायचा. तिथला त्यांचा मुकादम यूसुफ अजून त्याच वस्तीत राहत होता. भारतीय मजुरांसोबत काम करून चांगलं हिंदी शिकलेला.

मग तिथे लढाई सुरू झाली. एका संध्याकाळी मी काकांकडे बसलेलो असताना यूसुफचा फोन आला.

"भाई, घरवालों को लेकर गांव निकल जाऊं, या नीचे तहखाने में भेजूं?"

काकांनी क्षणभरही विचार केला नाही. "रास्ते पर मत निकलो. सबको नीचे भेजो. अपना स्लॅब है. टिकेगा."

काही दिवसांनी सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही टीव्हीवर बातम्या बघत होतो. पडद्यावर नव्या बॉम्बचं चित्र फिरत होतं. तो विमानातून सुटायचा, माती फोडायचा, काँक्रीट फोडायचा, आणि आत पोचल्यावरच फुटायचा. पुन्हा, पुन्हा. कोणीतरी शिट्टी मारली. आमचे सेक्रेटरी खुशीत ओरडले, "काका, या, तुमचाच विषय चाललाय! काय टेक्नॉलॉजी आहे बघा!"

काका दारातच उभे राहिले. चित्र संपून खरा रस्ता दिसू लागला होता. पाण्याची टाकी, कोपऱ्यावरचं बेकरीचं दुकान, आणि मधोमध खड्डा.

"ही यूसुफची गल्ली," काका म्हणाले.

"खाली अतिरेकी असतील हो," सेक्रेटरी म्हणाले. "एवढा महागाचा बॉम्ब कोणी उगाच टाकतं का?"

"खाली मी पाठवलंय त्यांना."

ते मी ऐकलं, कारण मी शेजारी होतो. बाकीच्यांना टीव्हीवर लागलेल्या जाहिरातीच्या आवाजात ऐकू गेलं नसावं.

यूसुफ वाचला. तो पाणी आणायला बाहेर पडला होता. बायको, आई, दोन्ही मुली आत होत्या. त्याचा फोन आला. तोच काकांना समजावत राहिला, "भाई, तुम्हारी गलती नहीं. वो बम ही अलग था."

"शिवी दिली असती तरी बरं वाटलं असतं रे," काका नंतर मला म्हणाले.

तेव्हापासून यूसुफ दर शुक्रवारी फोन करायचा. काका फोन कानाला लावून नुसते बसायचे. फिरायला जाणं सुटलं, जेवण अर्ध्यावर आलं. सेक्रेटरींनी झेंडावंदनाच्या दिवशी त्यांचं भाषण ठेवायचं सुचवलं, विषय 'बॉम्ब आणि बांधकाम'. काका नको म्हणाले. जिना चढताना मला म्हणाले, "त्या बॉम्बवाल्यांनी काँक्रीटचा अभ्यास माझ्यापेक्षा जास्त केलाय. माझ्यासारखेच असतील ना रे ते? डबा खाणारे, ड्रॉइंगवर भांडणारे. आपला माल काँक्रीट फोडूनही टिकला म्हणून खूशही झाले असतील."

थंडीत काका गेले. डॉक्टरांनी हृदय म्हटलं.

पुढच्या शुक्रवारी मी काकूंकडे होतो. फोन वाजला. काकूंनी नाव पाहिलं आणि फोन माझ्या हातात दिला. "मला नाही जमायचं. तू सांग."

मी सांगितलं.

मग यूसुफने विचारलं, "भाभी अकेली हैं क्या? खाना-वाना कोई देता है?"

"देतो आम्ही," मी म्हणालो.

"अकेला मत छोडना उनको."

तो कुठून बोलतोय, कोणाच्या घरात राहतोय, त्याला कोण जेवायला घालतं, हे मी विचारलंच नाही. फोन ठेवल्यावर लक्षात आलं.